कॉक कुणाकडे?

सीन ४२. रात्र. हजारो वर्षं जळणारी आग. हेर ठरल्या वेळी येतो आणि आग एकदम विझते, म्हणजे घात झालाय. कागदावर झकास. मी कला विभागातला. अशी आग मिळाली तर मापं घ्यायची, नाही मिळाली तर उभी करायची. दिग्दर्शक, कॅमेरामन आणि मी, असे तिघं रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा बघायला, अझरबैजानात बाकूला गेलो.

आधी यानार दाग, म्हणजे 'जळता डोंगर'. नावावरून काय काय डोळ्यांपुढे आणलं होतं! प्रत्यक्षात टेकडीच्या पायथ्याला दहाएक मीटर लांब ज्वाळांची पट्टी. वालुकाश्मातून गॅस झिरपत राहतो आणि जळत राहतो. १९५०च्या दशकात कुणा मेंढपाळाच्या सिगारेटनं पेटली, असं तिथं सांगतात. कॅमेरामन डोळे बारीक करून म्हणाला, "अरे, पण ही दिसतेय कुठं?" खरंच, भर उन्हात ज्वाळा फिकट, नुसता मागचा दगड थरथरल्यासारखा. आवाज मात्र लग्नाच्या भटारखान्यातल्या शेगड्यांसारखा. टेप घेऊन पुढे सरकलो, वारा फिरला आणि उजव्या हातावरचे केस गेले. तो जळका वास दिवसभर सोबत होता.

"सर, ही विझवणार कशी?" मी विचारलं. सर गप्प.

दुपारी सुराखानीचं आतेशगाह, म्हणजे अग्निमंदिर. पंचकोनी आवार, कडेनं कोठड्या, मधे चार कमानींची घुमटी, वर त्रिशूळ. आणि एका शिळेवर चक्क देवनागरी! गणपतीला नमन, ज्वालाजींचं नाव, संवत १८०२, म्हणजे इसवी सन १७४५च्या आसपास. आपल्याकडचे व्यापारी इथं यायचे, त्यांच्या काळातलं. मी अक्षरं लावत मोठ्यानं वाचायला लागलो, तसा आमचा ड्रायव्हर हातातली सिगारेट विसरून बघत राहिला.

आग मात्र मला खटकली. फारच शहाणी होती. फिल्मसिटीत सिलिंडर आणि भोकं पाडलेला पाइप लावून आम्ही पेटवतो ना, तशी. चौकशी केली तर तसंच निघालं. मूळ आग १९६९ साली विझली. आसपास तेल आणि गॅसचा इतका उपसा झाला की खालचा गॅसच सरला. आता जळतो तो पाइपानं आणलेला गॅस.

"म्हणजे कॉक आहे," सर म्हणाले. मग थांबून, "कुणाकडे?"

तिथंच कोठडीच्या उंबऱ्यावर बसून सीन फिरला. आग विझवणारा शत्रू नाही, रोज आवार झाडणारा म्हातारा रखवालदार. तोच आपला माणूस, आणि आग विझवणं ही त्याची धोक्याची खूण. लेखकाला फोनवर ऐकवलं तर तो आधी चिडला, मग म्हणाला, "उद्यापर्यंत पाठवतो."

शूटिंग शेवटी मढला झालं. बजेट, दुसरं काय! माझ्या वहीतल्या मापांवरून घुमटी प्लायची केली, त्रिशूळ पत्र्याचा. इफेक्टवाला झुडपाआड कॉक धरून बसला होता. पहिल्याच टेकला त्यानं इतक्या घाईनं फिरवला, की हेर अजून मेकअप व्हॅनमधून उतरायचा होता.