अळी दिसते का?

खंडेराव मार्केटात भेटलो की दांडिया बाजारातल्या आमच्या काकूंचा प्रश्न ठरलेला, "त्या मोठ्या मशीनमध्ये मुळातली अळी वळवळताना दिसते का गं?"

काकू, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वळवळताना तर नाहीच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या आत हवा नसते, ओलं काही चालत नाही. गाठाळलेलं मूळ आधी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये, मग ऑस्मियममध्ये बुडवायचं, अल्कोहोलनं पाणी काढायचं आणि रेझिनच्या ठोकळ्यात बसवायचं. वळवळ बघायला कॉलेजातला साधा मायक्रोस्कोप पुरे. आणि ती अळी नव्हे, सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरून गाठी आणणारा धाग्यासारखा बारीक जीव.

जीव जातो तो कापात. हिऱ्याच्या सुरीनं 70 नॅनोमीटरचे काप काढायचे. ते सुरीलगतच्या पाण्यावर तरंगतात. रुपेरी चमकले तर बरोबर, जांभळे दिसले तर जाड. मग काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसानं हलकेच ढकलत त्यांना 3 मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर घ्यायचं. (केस माझ्याच पापणीचा.) मिलिमीटरभर गाठीत असे चौदा हजारांवर काप निघतात, आणि सूत्रकृमीच्या तोंडातली सुई त्यातल्या मोजक्याच कापांत सापडते. पहिल्या वर्षी महिनाभर कापत बसले, तर मादीच्या जागी दर वेळी भोक. तिची त्वचा चिवट, रेझिन आत मुरलंच नव्हतं. घाई माझीच.

मग दिसतं काय? तिचं ताट. वांग्याच्या मुळात ती डोक्याभोवतीच्या पाच-सात पेशी धरते. त्यांची केंद्रकं विभागत जातात, पेशी मात्र विभागत नाही, नुसती फुगते. भिंतीला आतून वेडेवाकडे कोंब फुटतात, म्हणजे शेजारच्या वाहिन्यांतून रस ओढायला जागा वाढते. हा सगळा स्वयंपाक झाडाकडूनच करून घेतलेला. सुईच्या टोकाशी पेशीत एक नळी तयार होते, जेमतेम मायक्रॉनभर रुंद. तिच्यातून रस गाळून येतो. तिचा स्वच्छ फोटो मिळाला तेव्हा मी ठोकळा परत डबीत ठेवला आणि सरळ चहाला गेले.

तोच फोटो फोनवर दाखवला, तर तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "बसल्या जागी सगळं हातात! माहेरपणाला आलीय वाटतं." आणि निवडलेली वांगी परत टोपलीत टाकलीत. घ्या हो काकू, गाठी मुळांना येतात, वांग्यात काही नसतं.