आदल्या संध्याकाळी मायक्रोस्कोप तापवायचा

पेशीच्या पटलावरचे रिसेप्टर (औषध किंवा संदेश पकडणारी प्रथिनं) किती वेगाने सरकतात याची मोजणी सकाळी नऊला असेल, तर मायक्रोस्कोपभोवतीची तापपेटी आदल्या संध्याकाळीच सुरू हवी. इथे जर्मनीतल्या आमच्या विभागाचा हा नियम इतका कडक आहे, की बुकिंग तुमचं असलं तरी थंड यंत्रावर बसू देत नाहीत.

भारतातून आलेल्या माणसाला हे अति वाटतं. पेटीतला थर्मामीटर तासाभरात ३७ दाखवतो, मग रात्रभर वीज कशाला? कारण ऑइल ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे मायक्रोस्कोपची नमुन्याजवळची लेन्स, तेलाच्या थरातून थेट कव्हरस्लिपला (पेशींखालच्या पातळ काचेला) टेकलेला असतो. धातूचा तो गठ्ठा गार असेल, तर आपण बघतोय नेमक्या त्याच पेशींची ऊब शोषून घेतो. हवा ३७ अंशांवर आणि पेशी काही अंश खाली! पेशीपटल घट्ट होतं, रिसेप्टर रेंगाळतात आणि आपण समजतो औषधाचा गुण आला. शिवाय तापणारा धातू प्रसरण पावतो आणि फोकस सरकत राहतो, त्यामुळे अचल रिसेप्टरांचं प्रमाण फुगतं. म्हणून बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) डिशमध्ये, ऑब्जेक्टिव्हच्या अगदी वर बुडवून तापमान बघावं.

आतड्याच्या पेशींत कटकट आणखी वाढते. काको-२ (प्रयोगशाळेत वापरतात त्या आतड्याच्या) पेशी फिल्टरवर साधारण २१ दिवस वाढवल्या की त्यांच्यावर सूक्ष्मांकुर, म्हणजे बोटांसारखी बारीक टोकं, नीट येतात. पण ती बाजू वर असते आणि लेन्स खाली. फिल्टरमधून प्रकाश विखुरतो. म्हणून फिल्टर धारदार ब्लेडने कापून, काचतळाच्या डिशमध्ये पालथा ठेवतात. कडेला पातळ आधार द्यावा, नाहीतर अंकुर चिरडतात. मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) फिनॉल रेड या रंगाविना आणि आम्लता स्थिर ठेवणाऱ्या २० मिलिमोलर हेपिसचं घ्यावं. रिसेप्टरला जोडलेला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) ए२०६के या जोड्या टाळणाऱ्या बदलाचा असावा. साध्या जीएफपीच्या जोड्या जमू शकतात आणि गती चुकीची दिसते.

मग फ्रॅप, म्हणजे चमक विझवून ती परत येताना मोजायची पद्धत: आधी दहाएक चित्रं, मग १ मायक्रोमीटर त्रिज्येचं वर्तुळ ४८८ नॅनोमीटर लेसरने झटकन विझवायचं आणि उजेड परत येताना बघायचं. पार्श्वभूमी वजा करा, शेजारच्या न विझवलेल्या पेशीने भागा. रिसेप्टर पसरण्याची गती, म्हणजे D = ०.२२४ × त्रिज्येचा वर्ग ÷ अर्धा उजेड परतायला लागलेला वेळ. ९ सेकंद लागले तर D सुमारे ०.०२५ चौरस मायक्रोमीटर प्रतिसेकंद. सूक्ष्मांकुरांमुळे पटल वर-खाली दुमडलेलं असतं, म्हणून हा आकडा खऱ्या गतीपेक्षा कमी येतो.

हे शास्त्र परदेशातच शिकावं लागतं, हे मात्र मला मान्य नाही. आयआयटी मुंबईत शिकलेले सत्यजित मेयर यांचं बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रातलं काम पटलावरची प्रथिनं ॲक्टिनमुळे (पेशीच्या आतल्या तंतूंमुळे) कशी एकत्र येतात यावर आहे आणि या विषयात ते टाळून पुढे जाता येत नाही. शिवाय आपल्याकडे वीज जाते, एसीचा झोत थेट स्टेजवर येतो. तिथे काम केलेला माणूस प्रत्येक आकड्यावर संशय घेतो आणि तो संशय इथे फार उपयोगी पडतो. तापमानासाठी एवढी शिस्त लावणारे हेच लोक त्रिज्या बदलून बघायचा कंटाळा करतात!

ती चाचणी सोडू नका. त्रिज्या दुप्पट करा. रिसेप्टर नुसते पटलात पसरत असतील तर वेळ चौपट व्हायला हवा. वेळ तेवढाच राहिला, तर उजेड बाजूने सरकून येत नाहीये. रिसेप्टर पेशीच्या आतून पुटिकांतून (बारीक पिशव्यांतून) येताहेत किंवा कशाला तरी चिकटून सुटताहेत. अशा वेळी वरच्या सूत्राने काढलेला D छापू नये.