प्रतवारीच्या टेबलावर कोणाला बसवायचं?

वेंगुर्ला, मालवण भागातल्या काजू कारखान्यांत किलोवर मजुरी असते. त्यामुळे वजन दिसतं, हात दिसत नाही. जिचा काजू अख्खा निघतो ती वर्षानुवर्षं सोलणीतच राहते आणि प्रतवारीला बसते मुकादमाशी जास्त बोलणारी.

चाचणी सोपी आहे. एकाच घाण्यातला (एकाच वेळी वाळवलेला), सारखा वाळलेला गर प्रत्येकीला २ किलो द्या. अख्खा, पाकळी (दोन भाग झालेला) आणि तुकडा वेगवेगळा तोला. घाणे मिसळू नका. ओलसर गराची साल चिकटते, जास्त वाळलेला हातात मोडतो, आणि दोष बाईच्या माथी जातो. तुकडा कमी असलेल्यांपुढे मिश्र काजू ठेवून २४० आणि ३२० नंबर (एका पौंडात जास्तीत जास्त किती दाणे, त्यावरून पडलेले आकार) नजरेने वेगळे करायला सांगा. मग प्रत्येक ढिगातल्या ४५४ ग्रॅमचे, म्हणजे एका पौंडाचे, दाणे मोजा: पहिल्यात २२० ते २४०, दुसऱ्यात ३०० ते ३२० दाणे यायला हवेत.

निवडलेलीला रोज तासभरच जुन्या प्रतवारीवालीशेजारी बसवा. त्या तासाची मजुरी तिच्या सोलणीच्या सरासरीने द्या. इथेच बहुतेक मालक हात आखडतात, आणि मग "ताईंना शिकायचंच नाही" म्हणतात. पदरचे पैसे घालून कोण शिकेल?