गप्पी माशांसाठी बावीस दिवस

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील आमच्या वाड्याच्या परसात एक जुनी विहीर आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलाला डेंग्यू झाला, तेव्हा मी विहिरीतून पोहराभर पाणी काढून पांढऱ्या पातेल्यात ओतले. डोके खाली करून लोंबकळणाऱ्या कितीतरी अळ्या त्यात होत्या आणि पातेल्याला धक्का लागताच त्या वळवळत तळाशी गेल्या. धूरफवारणीने उडते डास मरतात, पाण्यातील अळ्या मात्र तशाच राहतात. म्हणून मी या अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांसाठी अर्ज केला.

मासे मोफत मिळणार होते, अडले ते एका कागदावर. कार्यालयाने विहिरीच्या मालकाचे ना-हरकत पत्र मागितले. प्रॉपर्टी कार्डावर सहा हिस्सेदारांची नावे आहेत. त्यांतील एक पुण्यात, एक बेळगावात आणि दोघे हयात नाहीत. मी पुण्याच्या चुलत सासऱ्यांची सही कुरिअरने मागवली, वारसांची घरे गाठली आणि पाच सह्या घेऊन गेले, तर ते टेबल पाहणारे कर्मचारी रजेवर होते. पुढच्या खेपेस अर्ज दुसऱ्या विभागाकडे गेल्याचे कळले आणि तेथे त्याची आवक नोंदच सापडेना. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. माझा अर्ज बावीस दिवस फिरत राहिला आणि तेवढ्या काळात आमच्या विहिरीतून डासांच्या दोन पिढ्या उडून गेल्या, याचा संताप अजूनही ओसरलेला नाही. अखेर घरोघरी पाहणीला आलेल्या आरोग्यसेवकांनी एका वाक्यात गाठ सोडवली, "काकू, तुम्ही इथं राहता म्हटल्यावर तुमचंच हमीपत्र चालतंय की." दुसऱ्याच दिवशी मासे मिळाले. तेव्हा अर्जासोबतच हमीपत्र जोडावे आणि आवक क्रमांक स्वतः लिहून घ्यावा.

माशांची पिशवी प्रथम विहिरीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत अर्धा तास तरंगू द्यावी. वरच्या बाजूला वळलेल्या तोंडाने हे मासे पृष्ठभागावरील अळ्या अचूक टिपतात. पंधरा दिवसांनी त्याच पातेल्यात एकही अळी दिसली नाही, तेव्हा मला फार समाधान वाटले. मादी साधारण महिन्याला जिवंत पिल्ले घालते, त्यामुळे पुन्हा मासे आणावे लागलेले नाहीत. विहिरीत ब्लिचिंग पावडर मात्र टाकू नये. क्लोरीनने मासे मरतात. हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतील असून स्थानिक माशांची पिल्ले खातात, म्हणून ते रंकाळ्यात किंवा पंचगंगेत कधीही सोडू नयेत.

मासे ठेवता येत नाहीत अशा साठ्यासाठी बीटीआय हा जिवाणू आहे. तो 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडला. त्याचे विषारी स्फटिक अळीच्या आतड्यात विरघळून तिला मारतात, माशांना अपाय करत नाहीत. परंतु कोषावस्थेतील डास काही खात नसल्याने त्यांवर परिणाम होत नाही आणि मात्रा पुन्हा द्यावी लागते. घरातील पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासावेच, कारण एडिस डासाची काठाला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही काही महिने टिकतात.

परसातील सिमेंटच्या हौदासाठी मासे मागायला सोमवारी जाणार आहे. हमीपत्र आजच लिहून ठेवले आहे.