दल्लीचा दगड

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी, देवघराशेजारच्या फडताळात, मामांनी भिलाईहून आणलेला मूठभर दगड आहे. दिसायला काळसर करडा. पण हातात घेताच त्याचे वजन मनगटाला जाणवते आणि कौलाच्या तुकड्यावर घासला की गेरूसारखी लाल रेघ उमटते. हे छत्तीसगडमधल्या दल्ली-राजहराच्या डोंगरांतले हेमॅटाइट, म्हणजे लोहखनिज.

विसाव्या शतकाच्या आरंभी चांदा जिल्ह्यातला शोध फसल्यावर दोराबजी टाटांना नागपूरच्या संग्रहालयातील भूशास्त्रीय नकाशाने या डोंगरांची वाट दाखवली. खनिज उत्तम होते, पण दगडी कोळसा आणि पाणी जवळ नव्हते, म्हणून टाटा मयूरभंजकडे वळले. खाणीचे नशीब उघडले ते भिलाईला पोलाद कारखाना उभारण्याच्या 1955 च्या सोव्हिएत करारानंतर. 1959 मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि तिला खनिज पुरवण्यासाठी हे डोंगर पायरीपायरीने कापले जाऊ लागले. 2000 पर्यंत भिलाई आमच्याच मध्य प्रदेशात होती, त्यामुळे इंदुरात तिचे कौतुक घरोघरी होई. देशभरच्या रुळांचे पोलाद तिथले, हे मामा अभिमानाने सांगत. खाणीत घण मारून दगड फोडणाऱ्या आणि टोपल्यांनी ट्रक भरणाऱ्या ठेकेदारी मजुरांविषयी मात्र आम्ही कधी विचारलेच नाही, याची मला आज खंत वाटते.

हे मजूर बहुतांशी आसपासच्या गावांतले, आदिवासी, आणि त्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. 1977 मध्ये त्यांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना उभारली. त्यांच्या मागण्यांत पावसाळ्यापूर्वी झोपड्या शाकारण्यासाठी भत्ता मिळावा एवढी साधी मागणीही होती. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मारले गेले. पुढे संपूर्ण यांत्रिकीकरणाने हजारोंचे काम जाणार असे दिसताच संघटनेने केवळ विरोध न करता, माणूस आणि यंत्र दोघांनाही जागा देणारी अर्धयांत्रिक पद्धत सुचवली. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट मात्र वेगळी आहे: या मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून रुग्णालय बांधले, त्याला शहीद हॉस्पिटल असे नाव दिले आणि 3 जून 1983 रोजी, त्या अकरा जणांच्या स्मृतिदिनी, ते सुरू केले. नियोगींची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत झोपेत असताना गोळी घालून हत्या झाली. रुग्णालय चालूच राहिले.

आता दल्लीतले चांगले खनिज सरत आले आहे आणि भिलाईची नजर दक्षिणेकडच्या रावघाटच्या लोहखनिजावर आहे. तिकडे जाणारा रेल्वेमार्ग दल्ली-राजहरापासूनच सुरू होतो.