गाडीत अडकलेली सीडी

आमच्या जुन्या गाडीच्या प्लेयरमध्ये एक सीडी अडकली, म्हणून मला कंट्री-रॉक हे अमेरिकन संगीत आवडायला लागलं. एरवी मी त्या वाटेला गेले नसते. कंट्री म्हणजे हॅट घातलेले लोक घोडा, दारू आणि सोडून गेलेली बायको यांवर नाकात गातात, अशी माझी ठाम समजूत होती.

सीडी 'कार्स' या सिनेमाच्या गाण्यांची, दिरांनी अमेरिकेहून आणलेली. सिनेमा २००६ चा. आमचे चिरंजीव तेव्हा चार वर्षांचे होते आणि चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचं प्रेम होतं. बाहेर काढायचं बटण दाबलं की आत कुरकुर व्हायची, सीडी बोटभर बाहेर डोकवायची आणि विचार बदलल्यासारखी परत आत जायची. मेकॅनिक म्हणाला, "डॅशबोर्ड खोलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आम्ही विषय सोडला. रेडिओ होता, पण पुण्याची स्टेशनं लोणावळ्याच्या पुढे खरखरायला लागतात आणि मुंबईची पनवेलशिवाय नीट लागत नाहीत. मधल्या घाटात सीडीला पर्याय नसायचा. ठाण्याला सासरी जायचं म्हणजे ती सीडी जाताना दोनदा आणि येताना दोनदा.

मुलांच्या सिनेमातली गाणी चौथ्या फेरीला डोक्यात जातात हा सगळ्या आईबापांचा अनुभव आहे. ही गेली नाहीत. आमच्या ह्यांचं बोट तर पहिल्याच गाण्याला स्टिअरिंगवर ताल धरायचं. ते गाणं शेरिल क्रोचं, सिनेमात सुरुवातीच्या शर्यतीच्या वेळी येणारं. सरळसोट ड्रम, करकरीत गिटार, लाडीगोडी अजिबात नाही. मला वाटतं, खरी गंमत तिथेच आहे. ही गाणी मुलांसाठी लिहिल्यासारखी नाहीतच. कुठलंही पात्र गोष्ट थांबवून, डोळे मिटून गायला लागत नाही. लांबच्या प्रवासात गाडीत गाणं चालू असावं तसं ते बाहेरून येतं. मागच्या सीटवरच्याला वाटतं, हे माझ्या सिनेमाचं गाणं. पुढच्या सीटवरच्यांना ते साधं आपलं गाणं वाटतं.

एकदा चिरंजीवांनी विचारलं, "आई, त्यांच्याकडे माणसंच नाहीत ना? मग गातं कोण?" खरंच की. त्या जगात सगळ्या गाड्याच आहेत. मी "रेडिओ" असं सांगून वेळ मारून नेली.

तिसरं गाणं 'लाइफ इज अ हायवे'. नायकाला पोटात घेऊन मॅक नावाचा ट्रक कॅलिफोर्नियाकडे निघतो, तेव्हा ते वाजतं. मूळ गाणं टॉम कॉक्रन या कॅनडाच्या रॉक गायकाचं, १९९१ चं. आफ्रिकेतल्या मदतकार्याचा दौरा करून आल्यावर त्याने ते पुरं केलं. तिथे जे पाहिलं त्यातून बाहेर पडायला गाणं, असा तो प्रकार. पंधरा वर्षांनी रास्कल फ्लॅट्स या कंट्री त्रिकुटाने ते सिनेमासाठी पुन्हा गायलं आणि ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. रॉकवाल्याचं गाणं कंट्रीवाल्यांच्या गळ्यातून. या सीडीत असली देवाणघेवाण बरीच आहे. चक बेरी तर रॉक अँड रोलचा मूळपुरुष. पण १९५५ चं त्याचं पहिलं गाजलेलं गाणं एका जुन्या कंट्री चालीवर बेतलेलं होतं, आणि तेही मोटारींच्या पाठलागाचं. सोवळं-ओवळं तिथे तेव्हाच सुटलं होतं. पुढे १९६८ च्या सुमाराला लांब केसांची रॉकवाली मुलं कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला जाऊन रेकॉर्डिंग करायला लागली आणि या संकराला कंट्री-रॉक हे नाव मिळालं.

कंट्रीतला मागून येणारा तो ओला, सरकता सूर पेडल स्टील गिटारचा. तो आधी कुठेतरी ऐकलाय असं मला सारखं वाटायचं, पण कुठे ते आठवेना. मग एकदा ते वाद्य वाजवताना पाहिलं. लांबून माणूस शिलाई मशीनवर बसलाय असंच वाटतं. समोर टेबलासारखी आडवी गिटार, बहुधा दहा तारांची. डाव्या हातात पोलादी कांडी, ती तारांवरून सरकवायची. पायाखाली पेडल, गुडघ्यांशी दांडे. ते दाबले की तार ताणली किंवा सैल केली जाते. म्हणजे दोन सूर जागेवर उभे असतात आणि तिसरा त्यांच्या मधून हळूच वर चढतो. आपल्याकडे संगीत नाटकाच्या पायपेटीला पायांनी भाता मारायचे, पण मींड काही पायाने घेत नसत. इथे चक्क पायाने मींड!

आणि तो ओळखीचा वाटणारा आवाज? तो आकाशवाणीवरचा. दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की हवाईयन गिटारवर सिनेमाच्या गाण्याची धून लावायचे, तोच. तारेवर पोलाद सरकवायची ही कला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवर रुजली. तिथून ती अमेरिकेत गेली, पाय फुटून पेडल स्टील झाली आणि कंट्रीत स्थिरावली. दुसरीकडे हवाईयन वादक जगभर हिंडत इथेही आले. टाऊ मो नावाचा वादक १९४० च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहत होता. पुढे ब्रिजभूषण काबरांनी याच सरकत्या गिटारवर राग वाजवले. थोडक्यात, ते लांबचं नव्हे, चुलत घराणं निघालं.

पण मला सांगायचंय ते पाचव्या गाण्याबद्दल.

रॉकला निघायची घाई असते आणि कंट्रीला घरी बसायचं असतं. हा सिनेमाही नेमका याच भांडणावर उभा आहे. लायटनिंग मॅक्वीन ही शर्यतीची गाडी रेडिएटर स्प्रिंग्स नावाच्या आडगावात अडकून पडते. (आमच्या सीडीसारखीच.) गाव रूट ६६ वरचं. गाव काल्पनिक, रस्ता खरा. शिकागोपासून कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकापर्यंत, जवळजवळ चार हजार किलोमीटर. १९२६ मध्ये त्याला हा क्रमांक मिळाला आणि १९८५ मध्ये तो सरकारी यादीतून काढला गेला, कारण शेजारून नवे, रुंद, सरळ महामार्ग आले होते. ॲरिझोनातल्या सेलिग्मन गावाला तर तारीखही पाठ आहे: २२ सप्टेंबर १९७८. त्या दिवशी नवा रस्ता खुला झाला आणि गावातून जाणाऱ्या गाड्या आटल्या. तिथल्या एंजल डेल्गाडिलो नावाच्या न्हाव्याने १९८७ मध्ये जुन्या रस्त्यासाठी लोकांना एकत्र केलं.

सिनेमात ही सगळी हकिकत एका गाण्यात येते. रँडी न्यूमनने लिहिलेलं आणि जेम्स टेलरने गायलेलं 'अवर टाऊन'. पडद्यावर जुना रस्ता जमिनीच्या कलाने वळतो, चढतो, उतरतो. मग नकाशावर एक नवी रेघ सरळ उमटते आणि गावाचं नाव पुसलं जातं. दुकानं गिऱ्हाइकाची वाट बघत राहतात. प्रवासाची दहा मिनिटं वाचावीत, एवढंच त्यामागचं कारण. टेलर हे गाताना गळा काढत नाही. शेजारच्या घरी काय झालं ते ओट्यावर बसून सांगावं तसा सांगतो. मोठ्या ऑर्केस्ट्राने इथे रडवलं असतं आणि मुलं कंटाळली असती. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. आमच्याकडे त्याचं नाव 'झोपेचं गाणं' होतं, कारण चिरंजीव हमखास तिथेच मान टाकायचे.

ते झोपले की गाडीत आम्ही दोघंच उरायचो. द्रुतगती मार्गावरून खालचा जुना रस्ता दिसला की हे म्हणायचे, "खोपोलीला उतरून चहा घ्यायचा का?" मी म्हणायचे, "उशीर होईल." आम्ही दर वेळी हे बोलायचो आणि उतरलो मात्र दोनदाच.

गाडी नऊ वर्षांनी विकली. घेणारे गृहस्थ कराडचे. सीडीचं मी त्यांना आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "काढून घेतो हो ताई, त्यात काय." चार महिन्यांनी आरसी बुकातल्या कसल्याशा सहीसाठी त्यांचा फोन आला. मागे शेरिल क्रो चालू होती.

"निघाली नाही का?" मी विचारलं.

"निघाली की. एका दणक्यात निघाली," ते म्हणाले. "पोरीनं परत लावायला लावली. आता पुन्हा अडकलीय."