सातबाऱ्यातलं घराणं

आमच्याकडे माणूस गेला की दहावं-तेरावं उरकतं, वारस नोंद होते आणि मग तो तलाठ्याच्या दप्तरात कंसात जातो. नाव पुसत नाहीत. दोन्ही बाजूंनी नुसतं कुंपण घालतात. माढ्याकडच्या आमच्या जमिनीचे जुने उतारे नि फेरफार काढले, तेव्हा अशा कंसांची रांगच लागली.

पणजोबांचा फोटो नाही. पण त्यांनी विहिरीसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, काढली होती, हे ‘इतर हक्कां’च्या रकान्यात लिहिलेलं आहे. माणूस कसा होता ते कळत नाही, देणं मात्र कळतं. त्या विहिरीत आता चार घरांचा चार-चार आणे हिस्सा. यातली दोन घरं लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारी बसत नाहीत, पण कागदावर अजून एकाच पाण्यात आहेत.

कूळकायद्यात 1 एप्रिल 1957ला थोडी जमीन कुळाच्या नावावर गेली. आजोबा मरेपर्यंत त्यावर धुसफुसत होते. मला विचाराल तर राबला त्याची झाली, ठीकच झालं.

पीकपाण्याचा रकाना मला नावांपेक्षा आवडतो. सालोसाल मालदांडी ज्वारी, तूर, करडई. मग 1972च्या दुष्काळाला सरळ ‘पडीक’. पुढे उजनी धरणाचं पाणी आलं आणि त्या रकान्यात ऊस शिरला, तो आजतागायत हलला नाही. त्याच्या मागोमाग सोसायटीच्या कर्जाचा बोजाही.

जमीन मात्र आटत गेली. कृषिगणनेप्रमाणे 1970-71 साली राज्यात खातेदारामागे सरासरी 4.28 हेक्टर होती, 2015-16ला 1.34. आमची भावकी या सरासरीत चोख बसते. खातेदारांतले निम्मे पुण्यात, एकजण तर शिकागोत. गुंठे तेवढे गावात.

आणि बायका? त्या या कागदावर येतात त्या बाप मेल्यावर. आजोबांच्या फेरफारात तिन्ही आत्यांची नावं चढली आणि पुढच्याच फेरफारात हक्कसोडपत्राने उतरली. बदल्यात साडी, माहेर शाबूत. 1956च्या हिंदू वारसा कायद्याने त्यांना वारस केलं होतं, पण भावाविरुद्ध कायदा कोण काढतो?

वडील गेल्यावर चुलत्यांनी माझ्या बहिणीसाठीही साडी आणून ठेवली होती. ती म्हणाली, “काका, साडी नेसते, सही करत नाही.” भावकीत महिनाभर कुजबुज चालली. मलाही क्षणभर माझा हिस्सा आखडल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता तिच्या वाटच्या एकरभरात ऊस नाही, मालदांडी आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, तीच करते. पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, म्हणून नाशिकहून येते, मोबाईल वर धरून रेंज शोधत बांधभर फिरते आणि चुलत्यांनाच विचारते, “काका, गट नंबर काय आपला?” काका सांगतात. तोंडपाठ आहे त्यांना.